चावलेला नान आणि अर्धा ड्रिल

टक्.

दुपारी घर अगदी गप्प असतं. अंगणातल्या जर्दाळूखाली कोंबड्यासुद्धा डोळे मिटून बसलेल्या असतात. मग दाराच्या फटीतून वाऱ्याची एक झुळूक येते आणि भिंतीवर टांगलेला, सुकून दगड झालेला नान भिंतीला आपटतो. टक्. पीठ मळता मळता नफोसतचे हात थांबतात. ती एकदा वर बघते, आणि पुन्हा मळू लागते.

तो नान ज्या खुंटीला टांगला आहे, ती खुंटी म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुना ड्रिल आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. माझा दांडा आणि कमरेपर्यंतचं अंग या मातीच्या भिंतीत ठोकलेलं आहे. टोकाकडचा अर्धा भाग ताश्कंदजवळच्या चिरचिक गावातल्या एका कारखान्यामागे, भंगाराच्या ढिगात, एका पोलादी ठोकळ्याच्या पोटात अडकून पडला आहे. तो आता बाहेर येणार नाही. अर्ध्याची गोष्ट कोण ऐकणार, असं मला पुष्कळदा वाटतं. पण तुम्ही लहान आहात, तुम्हाला अर्ध्या वस्तूही खेळायला चालतात, म्हणून सांगतो.

माझा जन्म भट्टीत झाला. लाल होईपर्यंत तापवलं, तेलात बुडवलं, मग दगडी चाकावर घासून अंगावर दोन वळणदार खाचा पाडल्या. जाडी आठ मिलिमीटर, लांबी चांगली वीतभर. लांब आणि सडपातळ असण्यात मोठेपणा नसतो, मित्रांनो. जो लांब असतो त्याला खोल पाठवतात, आणि सडपातळ असतो तो आधी मोडतो. मला ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलं आणि कित्येक वर्षं मी उस्ता हाकिमजान यांच्या खणात अंधारात पडून होतो. उस्ता म्हणजे कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर. नव्या ड्रिलांना ते नावं ठेवायचे. "नवरदेवासारखे नुसते चकचकीत. काम सांगितलं की घाम फुटतो." मला मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं. का, ते त्यांनाच ठाऊक.

एके दिवशी त्यांनी कागद सोडला आणि मला एका तरुण बाईच्या हातावर ठेवलं. "घे पोरी. तुझ्याएवढा हट्टी आहे. जमेल तुमचं."

ती नफोसत. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर काम करायची. सगळे तिला 'बटणवाली' म्हणायचे, कारण ठोकळा लावायचा, दार ओढायचं आणि हिरवं बटण दाबायचं, एवढंच तिचं काम होतं. मशीनला काय करायचं ते लिहून देणारा माणूस वेगळा असतो. त्याला सेटर म्हणतात. कारखान्यात सेटर उस्ताच होते. पण त्यांना आता पडद्यावरचे आकडे धूसर दिसत होते. वसंतात येणाऱ्या नवरोझच्या सणाला नवा सेटर नेमायचा, असं मालक तोलिबअकांनी जाहीर केलं होतं.

ही जागा नफोसतला हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्या घराचा जीव त्या जागेत अडकला होता. तिचा नवरा इल्योस आदल्या वसंतात रशियात बांधकामावर गेला होता. निघताना उंबऱ्यात उभं राहून त्याने ताज्या नानाचा एक घास चावला आणि बाकीचा नान बायकोच्या हातात दिला. तो नान भिंतीवर टांगून ठेवायचा. परत आल्यावर उरलेला त्यानेच खायचा. तोवर त्याला घरात कुणी हात लावत नाही. जाताना तो म्हणाला होता, "तू सेटर हो. ज्या आठवड्यात होशील त्या आठवड्यात मी गाडी धरतो. मग दोघांनी इथंच राहू." हे मी पाहिलेलं नाही. मशीनचं दार लावताना ती पुटपुटायची, त्यातून मला कळलं. बायका मशीनशी बोलतात, मित्रांनो, आणि मशीनच्या तोंडात आम्ही असतो.

आता माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

शेतावरच्या पंपांसाठी पोलादी ठोकळे बनायचे. त्यांच्या आतून तेल वाहायला सहा लांब, अरुंद बोगदे पाडायचे. तेवढं खोल एका दमात कुणीच जाऊ शकत नाही. मी आत जातो तसा पोलादाचा कीस निघतो, आणि तो माझ्या खाचांमधून वर चढतो. खोली वाढली की त्याला वर चढायला जमत नाही. तो तिथेच गच्च बसतो, तापतो, आणि मला गिळतो. म्हणून थोडं आत जायचं, बाहेर यायचं, कीस झटकायचा, दुधाळ थंड पाणी अंगावर घ्यायचं आणि पुन्हा आत. उस्ता त्याला 'चोच मारणं' म्हणायचे, सुतारपक्ष्यावरून.

जुन्या पद्धतीत मी दर दोन मिलिमीटरला बाहेर यायचो. एका भोकाला साठ चोची. त्यातही बाहेर यायचो तो ठोकळ्याच्या पार वर, हातभर हवेत, कारण पूर्वी कधीतरी एक ड्रिल ठोकळा धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पला धडकला होता आणि ती भीती तशीच लिहिलेली राहिली होती. माझा अर्धा वेळ रिकाम्या हवेत फिरण्यात जायचा. नफोसत दाराच्या काचेला नाक लावून ते बघत राहायची.

"उस्ता, वरच्या वर दोन-दोन मिलिमीटर कशाला? तिथं कीस आपोआप निघतोय की."

"लिहिलंय तसं चालू दे. मोडला तर कोण भरून देणार, तुझी सासू?"

"सासू गेली तीन वर्षांपूर्वी."

"म्हणून तर म्हणतो."

ती हसली, पण तिने पिच्छा सोडला नाही. कीस गोळा करून खिशात घालायची. लहान तुकडे, लांब कुरळे, निळे पडलेले, सगळे वेगळे करून जेवणाच्या वेळी कागदावर मांडून बसायची. कितव्या मिलिमीटरला माझा आवाज बदलतो, ते कान देऊन ऐकायची. आणि मग शरद ऋतूत तिने माझ्यासाठी नवं चक्र, म्हणजे आत-बाहेर करण्याचा नवा क्रम, लिहिलं.

मशीनला दोन खुणा कळतात. त्र्याहत्तर म्हटलं की जागच्या जागी केसभर मागे सरायचं, कीस तुटला की पुढे. त्र्याऐंशी म्हटलं की पूर्ण बाहेर यायचं. नफोसतने पहिले चोवीस मिलिमीटर मला एका दमात जाऊ दिलं. त्याखाली थोड्या अंतरापर्यंत त्र्याहत्तर. आणि जिथे कीस अडू लागतो तिथून थेट तळापर्यंत त्र्याऐंशी, तेही चोच हळूहळू लहान करत. आधी आठ, मग सहा, मग चार. बाहेर यायचं तेही ठोकळ्याच्या जेमतेम वर. क्लॅम्प तिने आधीच बाजूला सरकवला होता.

साडेतीन मिनिटांचं भोक दोन मिनिटांच्या आत आलं. माझी धार पूर्वीपेक्षा दुप्पट टिकू लागली. उस्तांनी मला बाहेर काढून टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मी वीस वर्षं ड्रिलांना पायऱ्या उतरायला लावत होतो. हिने जिथं सपाट होतं तिथं पळू दिलं." तोलिबअकांनी सर्वांसमोर तिच्या वाट्याच्या पुलावात मांसाचा तुकडा जास्त टाकला. कुणी तिला बटणवाली म्हणेना. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले महिने. बाहेर येऊन थंड पाणी अंगावर घेतलं की वाटायचं, आपल्याला कुणीतरी ओळखतं.

पण तोलिबअकांना एक भाचा होता. त्याचं नाव दोनियोर. ताश्कंदला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेला. नफोसतला 'ओपा' म्हणायचा, म्हणजे ताई. गोड बोलायचा.

"ओपा, वरती त्र्याहत्तर चालतं ना? मग खालीही तेच का नाही? तेवढा वेळ वाचेल."

"वरती किसाला वाट आहे. खाली नाही."

"कोर्समध्ये तर असं काही सांगितलं नव्हतं."

"कोर्समध्ये भोक किती खोल होतं?"

त्यावर तो नुसता हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही, पण ड्रिलला कोण विचारतो?

हिवाळ्यात नफोसतच्या मुलीला, मुनिसाला, गोवर निघाला. आई दोन दिवस घरी राहिली. त्या दोन दिवसांत दोनियोर मशीनपाशी उभा राहिला आणि खालच्या ओळीतला त्र्याऐंशी पुसून त्याने त्र्याहत्तर केला. उस्ता मागून जात होते, थांबले.

"काय करतोस रे?"

"मामांना सांगितलंय मी. भोक आणखी लवकर पाडून नवरोझपर्यंत दाखवायचंय त्यांना."

उस्तांनी पडद्याजवळ डोळे नेले. आकडा वाचला. मला माहीत आहे, त्यांनी वाचला, कारण त्यांची नजर माझ्याकडे वळली होती. मग ते चहा प्यायला निघून गेले.

दोन दिवस मी आत गेलो की आतच राहिलो, मित्रांनो. केसभर मागे, पुन्हा पुढे. पुन्हा केसभर मागे, पुन्हा पुढे. थंड पाणी माझ्या टोकापर्यंत पोचतच नव्हतं. स्वतःच्याच किसात मी भाजत होतो. तरी दहा ठोकळे पार पाडले. दोनियोरने घड्याळ दाखवलं, दीड मिनिटाच्या आत. तोलिबअका खूश झाले. माझी धार जळून काळी पडली होती, ते कुणी अंगठा फिरवून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी नफोसत परतली. मशीनच्या दारावर तिच्याच अक्षरातलं कार्ड लटकत होतं. ठोकळ्याचं माप, ड्रिलचं माप, खोली, आणि खाली तिची सही. कारखान्याची रीत अशी की मशीनला लिहून दिलेल्या ओळींत जो बदल करील त्याने कार्डावर सही करायची. कार्डावर नवी सही नव्हती. तिने विश्वास ठेवला आणि हिरवं बटण दाबलं.

पहिल्याच भोकात तिची मान वर झाली. तिला माझी लय पाठ होती, आणि ही लय माझी नव्हती. बाहेर येण्याचा तो 'हुश्श' आवाज होतच नव्हता. ती लाल बटणाकडे धावली. एका श्वासाचा उशीर झाला.

कट्.

त्या मापाचे बाराच ठोकळे आले होते, आणि गिऱ्हाइकाला मोजून बाराच द्यायचे होते. हा अकरावा होता.

दुपारी सगळे जेवण मांडलेल्या सतरंजीभोवती बसले. मध्ये नान, किटलीत हिरवा चहा. कुणी नान तोडत नव्हतं. तोलिबअकांनी ठोकळा तिथेच आणून ठेवला होता. माझं टोक त्याच्या आत होतं आणि उरलेला मी नफोसतच्या मुठीत.

"खालची ओळ बदललेली आहे, तोलिबअका. मी त्र्याऐंशी लिहिलं होतं."

"वरच्या ओळीत त्र्याहत्तर कुणी लिहिलं?"

"मीच. वर ते चालतं."

"म्हणजे त्र्याहत्तर तुझंच. मग खालचं दुसऱ्याचं, हे मी कसं मानू? मी काही कोर्स केलेला नाही, बाई. मला सही दिसते."

"दोन दिवस मशीनवर कोण होतं, ते सगळ्यांना माहीत आहे."

दोनियोर पेल्यात बघत म्हणाला, "ओपा, माझ्या हातून दहा निघाले. तुमच्या हातून मोडला."

नफोसतने नान समोर ओढला. "ठीक आहे. मी नानावर हात ठेवून सांगते की खालची ओळ मी बदललेली नाही. खोटं बोलत असेन तर नान मला मारील. मग त्यालाही ठेवू दे हात."

नानावर हात ठेवून खोटं बोलणारा त्या गावात अजून जन्मला नव्हता. दोनियोरचा हात मांडीवर होता तिथेच राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडलेल्या मला दिसत होत्या. अजून एक क्षण गेला असता तर तो उठून गेला असता आणि सगळं सगळ्यांना कळलं असतं.

तेवढ्यात उस्ता हाकिमजान पुढे वाकले. त्यांनी नान उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि फडक्यात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"नानाला यात ओढू नका," ते म्हणाले. "वीस वर्षं या सतरंजीवर जेवतोय मी. कार्ड तिचं, सही तिची. विषय संपला."

नफोसत त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मुठीतल्या माझ्यावर तिची बोटं इतकी आवळली की माझ्या तुटलेल्या कडेने तिचा तळवा कापला. मला तेव्हा पहिल्यांदा धार असल्याची लाज वाटली.

नवरोझला दोनियोर सेटर झाला. नफोसतला कानशीच्या टेबलावर बसवलं. तयार ठोकळ्यांच्या कडा घासायच्या, एवढंच काम. मला तिने खिशात घालून घरी आणलं.

मुनिसा तेव्हा सहा वर्षांची होती. तिने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हा कसा मोडला?"

आईने मळलेल्या पिठाचा गोळा घेतला, कबाबाची सळई उचलली आणि तिला दाखवलं. थोडं आत, बाहेर. थोडं आत, बाहेर.

"बाहेर का येतो?"

"आत कचरा साठतो. बाहेर येऊन श्वास घेतो, मग पुन्हा जातो."

"त्याला कसं कळतं, आता बाहेर यायचं?"

"मी कागदावर लिहून देते. किती आत जायचं, कधी बाहेर यायचं. त्याला स्वतःला काही कळत नाही."

"मग हा का नाही आला?"

"बाहेर यायचं लिहिलेलं कुणीतरी पुसलं."

मुनिसाने मान डोलावली. मुलांना अशा गोष्टी लवकर समजतात. त्याच सुमाराला इल्योसच्या नानाचा खिळा वाकला होता. नफोसतने तो उपटला आणि त्याच्या जागी मला ठोकलं. पोलादात शिरणारा मी, मातीत मुकाट गेलो.

इल्योसचा फोन आला तेव्हा मी भिंतीतून सगळं ऐकलं.

"म्हणजे झाली नाहीस सेटर."

"सांगितलं ना काय झालं ते."

"ऐकलं. पण तूच म्हणाली होतीस, नक्की होणार म्हणून. मी इथं मुकादमाला सांगून ठेवलं होतं." मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "बरं. आणखी एक हिवाळा काढतो."

तो हिवाळा गेला. मग दुसरा. फोन आधी दर रविवारी यायचा, मग महिन्याने, मग सणाला.

एकदा उस्ता हाकिमजान घरी आले. हातात नान आणि टरबूज. नफोसतने त्यांना मानाच्या जागी बसवलं, चहा ओतला. ते इकडचं तिकडचं बोलले. मग हळूच म्हणाले, "त्या पोराने खोटी शपथ घेतली असती, पोरी. सगळ्या कारखान्यावर पाप आलं असतं. मी नानाला वाचवलं."

"नानाला काय होणार होतं, उस्ता? मार तर मलाच बसला."

"आता तो तुझंच चक्र चालवतो. अगदी तुझं. ड्रिल वरती पळतो, खाली पूर्ण बाहेर येतो. एकदा पोळल्यावर पोरगा शिकला. तोलिबअका त्याला 'दोनियोरचं चक्र' म्हणतात."

"मला माहीत आहे. कानशीच्या टेबलावर ऐकू येतं ते, दिवसभर."

आमच्याकडे पाहुण्याचा पेला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. काठोकाठ भरला की त्याने समजायचं, आता उठावं. नफोसतने किटली उचलली आणि उस्तांचा पेला काठोकाठ भरला. एक थेंबही सांडला नाही. उस्तांनी पेल्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या माझ्याकडे. चहा तसाच ठेवून ते उठले. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज झाला. मला वाईट वाटलं का? वाटलं. इतकी वर्षं त्यांनीच मला जपलं होतं. पण खणात जपणं सोपं असतं, मित्रांनो. सतरंजीवर, सर्वांसमोर जपायला लागतं तेव्हा कळतं.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. मोठे व्हाल, कुणाला तरी कुठेतरी खोल पाठवाल. यंत्राला, माणसाला, कुणालाही. किती आत जायचं ते तर सगळेच लिहितात. तुम्ही त्याच्या बाहेर येण्याचीही जागा ठेवा. आणि ज्याने ती जागा शोधून काढली, त्याचं नाव पुसू नका.

या वसंतातही जर्दाळू फुलला. काल दुपारी इल्योसचा फोन आला. नफोसत फार थोडं बोलली. "हं," म्हणाली. "म्हणजे यंदाही येत नाहीस. समजलं," म्हणाली. "मुनिसाला देऊ का?" म्हणाली, आणि मग फोन कानावरून काढला. पलीकडून ठेवून दिला होता.

मुनिसा आता आठ वर्षांची आहे. ती स्टुलावर चढली. तिने चावलेल्या नानाला हात लावला नाही, तो लावायचा नसतो. माझ्या तुटलेल्या कडेवरून मात्र तिने बोट फिरवलं, पूर्वी उस्ता टोकावरून अंगठा फिरवायचे तसं, सावकाश. वारा आला. टक्. नफोसत परातीजवळ पाठमोरी बसली होती, पिठात दोन्ही हात मनगटापर्यंत, आणि मळत नव्हती.

"आई," मुनिसा म्हणाली, "बाबांच्या कागदावरचं 'बाहेर ये' कुणी पुसलं?"